जनावर चावलं, एवढंच ऐकू आलं

मैत्रिणींनो, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझी धाकटी, मेघा, जनावरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजपासून तुंगारेश्वरच्या जंगलाजवळ त्यांना जखमी वन्यप्राणी कसे हाताळायचे ते शिकवतायत. दुपारी मी इथे फुलपाड्याला घरी पोथी वाचत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. "आई, घाबरू नकोस हं. मला जनावर चावलं..." आणि फोन कट झाला.

आम्ही मूळचे कोकणातले. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात.

मी दहा वेळा फोन लावला, पण रेंज नव्हती. ह्यांना ऑफिसात कळवलं, तर तेही तिला फोन लावत राहिले. मग देव पाण्यात ठेवले आणि फोनजवळ जमिनीवरच बसून राहिले.

पाऊण तासाने तिचाच फोन आला. नाव घ्यायचं नसतं हेही विसरून, साप कुठे चावला, एवढंच मी विचारलं.

"साप कुठला, अगं? माकडाचं पिल्लू होतं. माझीच पकड चुकली, घाबरलं ते बिचारं. इंजेक्शन घेतलंय मी."

"मग जनावर का म्हणालीस?"

"कॉलेजात आम्ही सगळ्यांनाच जनावर म्हणतो गं."

देव पाण्यातून काढून पुसले. पण उद्या सकाळी ती पुन्हा जाणार आहे. तिथल्या पिंजऱ्यांत आणखी काय काय आहे, ते विचारायचा मला धीरच झाला नाही.

ज्यांची मुलं असलं काम करतात त्यांनी सांगा, फोन वाजला की तुम्ही तो कसा उचलता?