माधवदादांनी न लिहिलेली ओळ

माधवदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी लातूरला कॉलेजात मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवत होते. नांदेडच्या जुन्या ऑफिसातल्या एकाचा मेसेज आला, दादा काल नायगावला घरीच गेले, हार्ट अटॅक. मी मोबाइल पालथा ठेवला आणि तास पुरा केला... अंगाशी येईल ते झाकून ठेवायची माझी सवय जुनीच आहे.

नांदेडच्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आम्ही सहा जण होतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, बोलायला मवाळ, कोडच्या बाबतीत मात्र भलतेच काटेकोर. औशाजवळच्या एका शीतगृहाचं काम आलं होतं. दादांनी आधी इंटरफेस लिहिला, म्हणजे नुसता करार: खोली म्हटली की तिला तापमान असलंच पाहिजे. मग ते तापमान त्यांनी प्रॉपर्टी म्हणून बांधलं. म्हणजे नवा आकडा एकाच वाटेनं आत जाणार, आणि हद्द ओलांडली की यादीतल्या सगळ्या ऑब्झर्व्हरना खबर जाणार, म्हणजे स्क्रीनला, भोंग्याला, मालकाच्या मोबाइलला. मी म्हणायचे, एवढा घोळ कशाला, आकडा थेट लिहिला तर काय बिघडतंय? त्यावर दादांचं ठरलेलं उत्तर, "बदललं तर ज्याला कळाया पाहिजे त्याला कळालंच पाहिजे. गुपचूप बदलायचं न्हाई." मला ते कीर्तन वाटायचं. शहाणी होते ना मी!

औशाला लाइट जायची-यायची. आली की मधल्या वेळात साठलेले आकडे एकदम आत शिरायचे आणि खोली पुन्हा गार व्हायला लागली तरी भोंगा कोकलायचा. मालक रोज फोनवर तडकायचा. दादा वहिनींच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. मी एक ओळ टाकली: लाइट आल्यावर ते साठलेले आकडे थेट आतल्या जागेत लिहायचे, कुणालाही न कळवता. भोंगा गप्प, मालक खूश. दादांना सांगू सांगू म्हणता राहून गेलं.

उन्हाळ्यात एकदा लाइट आली, पण एका खोलीचं मशीन सुरूच झालं नाही. तापमानानं हद्द ओलांडली ती माझ्या चोरवाटेनं. भोंगा फक्त हद्द ओलांडतानाच वाजायचा, त्यामुळं पुढंही तो मुकाच राहिला. खोलीभर द्राक्षं सडली. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, हा भाग कुणाचा? दादा म्हणाले, माझा. आणि त्यांनी फाइल उघडायच्या आत मी ती ओळ पुसून टाकली... कुणी काय बदललं याची नोंद राहायची सोय तेव्हा आमच्याकडं नव्हती. दादांनी चार दिवस शोधलं. काहीच सापडेना, तरी माझंच काही राहिलं असंल म्हणाले आणि राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी पेढे मीच वाटले.

पुढं त्यांनी नायगावला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. कोडला परत हात लावला नाही. वर्षातून दोन-तीनदा फोन करायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि शेवटी हळूच विचारायचे, "वैशाली, ती चूक कुठं असंल गं?" मी म्हणायचे, जाऊ द्या ना दादा, किती उगाळता. इतकं साधं उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी ते गिळून बसले. मला स्वतःची लाज वाटते.

दादा गेल्यावर पंधरवड्यानं मी नायगावला गेले. वहिनींनी दुकानामागच्या खोलीतून वह्यांचा गठ्ठा आणला. हे काय लिहीत बसायचे, तुम्हाला तरी कळतंय का, म्हणाल्या. त्या शीतगृहाचा कोड होता. हातानं उतरवलेला, पुन्हा पुन्हा, प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. सगळं बरोबरच होतं. चुकीची ओळ त्यांना दिसणार कशी, ती मी ठेवलीच नव्हती.

मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी वहीच्या पानावरून हात फिरवला.

"म्हणजे त्यांची चुकी नव्हती."

"नव्हती वहिनी."

"मग मला एकटीला सांगून काय करता ताई? लोकांनी त्यांना निकम्मा ठरिवलं. मरेपर्यंत त्यांना सोताला तसंच वाटून राहिलं. जिथं चार लोक वाचतेत तिथं लिहा. नावानिशी लिहा."

चहा न घेता उठले. त्यांनी आग्रह केला नाही.

म्हणून हे लिहिलंय, वहिनी. औशाच्या कामातली ती ओळ मी, वैशालीनं, लिहिली आणि मीच पुसली. माधवदादांचं काम बरोबर होतं.