अण्णांच्या देवावर आलेला शेरा

आमच्या आणि अण्णांच्या गॅलरीत एकच भिंत, तीही कमरेइतकी. किस्से साठायला अजून काय लागतं हो!

अण्णा महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. जन्मभर दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट केले. रिटायर झाल्यावर कुरुळीत बसून देवावर जाडजूड पुस्तक लिहिलं. देव पूर्ण आहे, त्याला कोणाचीच गरज नाही, असं त्यात म्हणे. मी पाचव्या पानावर झोपले!

*

लिहिताना पान न् पान माईंना, म्हणजे बायकोला, वाचून दाखवायचे. एकदा मेथी निवडता निवडता माई म्हणाल्या, "कोणाची गरज नाही, तर आपल्याला बनवलं कशाला? करमत नव्हतं म्हणूनच ना?"

"तू भाजी निवड!"

पुस्तक छापून आलं तेव्हा माई नव्हत्या.

*

अण्णांनी सोसायटीत घरोघर पुस्तक वाटलं. जो तो "छान आहे" म्हणायचा. अण्णांनी चेअरमनना गाठलं, "नेमकं काय छान?"

"कव्हर!"

*

मग पुण्याच्या एका प्राध्यापक मॅडमनी मासिकात चार पानं भरून चुका काढल्या. मी सांत्वनाला गेले, तर अण्णांचा चेहरा खुललेला. "वहिनी, बाईंनी शेवटपर्यंत वाचलंय! तळटीपांसकट!"

आमचे हे म्हणाले, "सडेतोड उत्तर द्या, राव!"

अण्णांनी दिलं. कंपनीत कस्टमरच्या तक्रारीला देतात तसं, रकाने आखून. मी भिंतीवरून वाचलंच.

तक्रार: देव पूर्ण, तर भक्ताची वाट का पाहतो? पुस्तकात उत्तर नाही.
निर्णय: मान्य. आभार.
मूळ कारण: हीच शंका घरात आधी निघाली होती. लेखकाने भाजी निवडायला सांगितले.
उपाय: घरात आता विचारायला कोणी नाही. सवडीने यावे.

*

महिनाभर काहीच नाही. अण्णा दिवसातून पाचदा गेटपर्यंत जायचे.

"कोणाची वाट बघताय, अण्णा?"

"छे! पाय मोकळे करतोय."

*

आणि एका रविवारी मॅडम खरंच आल्या! तीन तास कडाक्याचा वाद. ऐकायला मिळावं म्हणून मी तीनदा चहा नेला. अण्णा प्रत्येक मुद्द्यावर हरत होते आणि हसत होते. माई गेल्यापासून भिंतीपलीकडून एवढा आवाज आला नव्हता.

निघताना चपला घालत मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत तेवढं दुरुस्त करा, अण्णा."

"करतो की," अण्णा म्हणाले. लिफ्टचं दार मात्र धरूनच ठेवलं. "पण मॅडम, सगळंच दुरुस्त केलं, तर तुम्ही परत कशाला याल?"