शेडातले बत्तीस अंश

चुडाव्याजवळच्या शेतात आमचं रेशमाचं शेड आहे. आळ्या बायको सांभाळते, मोजमाप माझ्याकडे. त्या फेब्रुवारीत दोनशे अंडीपुंजांची, म्हणजे दोनशे पतंगांच्या अंड्यांची, बॅच होती आणि आळ्या चौथ्या मोल्टवर बसल्या होत्या, म्हणजे कात टाकत होत्या. तेव्हा त्या खात नाहीत, हलत नाहीत. शेड कोरडंच लागतं. ओल आली की कात अडकते आणि आळी मरते.

त्याच आठवड्यात मी स्वतः बनवलेला तापमापक तिथे टांगला होता. सेन्सर दर अंशाला दहा मिलिव्होल्ट देतो, एडीसी चिप त्याचा आकडा करते आणि तो पडद्यावर दिसतो. घरी टेबलावर तीन दिवस तपासला होता. अर्ध्या अंशाच्या वर फरक नव्हता.

दुपारी दोनला पडद्यावर बत्तीस आलं. अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं मला पाठ. मी पश्चिमेच्या खिडकीवर ओली पोती टांगली. दुसऱ्या खिडकीसाठी बादली भरत होतो, तेवढ्यात बायको आली. तिने पोती ओढून बाहेर फेकली.

"आळ्या मोल्टवर बसल्यात अन् तुमी पाणी मारायलाव?"

मी पडद्यावरचा आकडा दाखवला.

"मला घाम न्हाई आला अजून. तुमच्या डबीला आला असंल."

ओल शोषायला ती रॅकवर चुना भुरभुरू लागली. मी मल्टीमीटर आणला. सेन्सरवर २७० मिलिव्होल्ट, म्हणजे सत्तावीस अंश. मग चिपचा संदर्भ व्होल्टेजचा पाय, म्हणजे पिन, तपासला. तिथे पाचऐवजी ४.२ व्होल्ट होते. चिप प्रत्येक व्होल्टेज या पायाशी ताडून मोजते, आणि तो मी सरळ पुरवठ्यालाच जोडला होता. घरी वायर हातभर होती. शेडात पंधरा मीटर बारीक वायर ओढली, तिच्यात व्होल्टेज पडलं. मोजपट्टीच आखूड झाली होती, म्हणून सत्तावीसचे बत्तीस दिसत होते.

मी चूक सांगितली. पोती किती वेळ होती, एवढंच तिने विचारलं. वीस मिनिटं, मी म्हणालो.

"सकाळी कळंल."

सकाळी आळ्या उठल्या, पाला टाकताच खाऊ लागल्या. पश्चिमेच्या रॅकवर एक्केचाळीस उठल्या नाहीत. मी दोनदा मोजल्या. माझ्या पाण्यानेच गेल्या की नाही, हे मला सांगता येत नाही. बायकोने त्या वेचून घेतल्या. आता संदर्भाला स्थिर अडीच व्होल्ट देणारी वेगळी चिप आहे. तरी मोल्टच्या दिवशी पोत्याला हात लावण्याआधी मी तिला विचारतो.