हरकतसाहेब

आमच्या हरकतसाहेबांना दोन आवाज होते. एक ऑफिसातला. तो इतका बारीक की समोरच्या खुर्चीत बसूनही दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. दुसरा खांबाखालचा. तो तिसऱ्या मजल्यावर, कुकरची शिट्टी चालू असतानाही, स्वयंपाकघरात पोचायचा. वॉर्ड ऑफिसात शिपायाकडे पाणी मागताना संकोचणारा हा बुटका, टक्कल पडलेला माणूस रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली उभा राहिला आणि त्याने तोंडाशी हाताचा कर्णा केला, की मुलुंड पूर्वेची अख्खी गल्ली खिडकीत यायची.

माझी त्यांची गाठ पडली ती खांबांमुळेच. मी एका कंत्राटदाराकडे परवानग्या काढायचं काम करते. मोबाइलची रेंज वाढवायला दिव्याच्या खांबांवर छोटे अँटेना बसवतात, तेलाच्या डब्याएवढे. तुम्ही पाहिले असतील, किंवा पाहूनही लक्षात आले नसतील. ते बसवायचे तर वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते आणि त्याआधी रहिवाशांच्या हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे काय, तर एक नोटीस छापायची, खांबाला चिकटवायची, फोटो काढायचा आणि मुदत संपेपर्यंत गप्प बसायचं. नोटीस कोणी वाचत नाही, हरकत कोणी घेत नाही, सही होते. सगळीकडे हे असंच चालतं. ज्यांची सही लागायची त्या आमच्या साहेबांच्या टेबलावर मात्र चालायचं नाही.

पहिल्याच नोटिशीला मी फोटो काढून रिक्षाला हात करत होते, तर मागून तो बारीक आवाज आला, "प्रज्ञा, कुठे चाललीस? अजून वाचायचीय." म्हटलं, कोणाला? म्हणाले, "ज्यांच्यासाठी लावली त्यांना." आणि सुरूच झाले. "ऐका हो ऐका. या खांबावर मोबाइलचा डबा लागणार आहे. रेंज वाढेल म्हणतात. डबा उंचावर असेल, वायर खांबाच्या आतून जाईल. कोणाची हरकत?" नोटिशीतलं ते दीड पानभर 'सदरहू' आणि 'उपरोक्त' त्यांनी एवढ्यात गुंडाळलं. मग हात खाली घेऊन वाट बघत उभे राहिले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरच्या एका काकूंना वाटलं भंगारवाला आलाय, त्या जुना मिक्सर घेऊन खाली उतरल्या.

खरं सांगायचं तर माझा राग नुसत्या लाजेचा नव्हता. माझे आजोबा गावात दवंडी द्यायचे आणि ते काही हौसेने नाही. आमच्या माणसांवर गावाने लादलेलं काम होतं ते. वडील कांजूरमार्गला आले, कारखान्यात लागले, ते असली कामं मागे टाकायलाच. मी एकदा साहेबांना तोंडावर म्हटलं, "साहेब, आमच्या घरात हे पुरे झालंय. मी दवंडीच्या बाजूला उभी राहणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या हातात हुकूम द्यायचे. दवंडीच्या शेवटी कोणाची हरकत आहे का, असं कधी विचारलं असेल का गं गावाने?" पुढच्या नोटिशीला मी त्यांच्या बाजूला उभी राहिले.

आणि हरकती यायच्या. काय एकेक हरकती. एका आजोबांची हरकत अशी की रेंज वाढली तर सुनेचं माहेर चोवीस तास घरात राहील. गणपती मंडळाच्या पोरांची, की कमानीची दोरी याच खांबाला असते, तर डब्याला धक्का लागल्यास दंड कोणाला. एकीने विचारलं, डोकं दुखेल का. साहेब म्हणाले, "ते मला कळत नाही बाई, तपासणारं खातं वेगळं आहे. तुमचा प्रश्न लिहून पाठवतो." आणि पाठवायचे, खरंच. ऑफिसात त्यांचं नाव हरकतसाहेब पडलं ते यातूनच. आमचा मॅनेजर फोनवर करवादायचा, "बाकीच्या वॉर्डात खुर्चीतून न उठता काम होतं, तुझ्याच नशिबी हा भागवतसप्ताह कसा?" मी हे साहेबांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "हरकत घेणारा माणूस निदान जागा तरी असतो."

त्यांची आणखी एक सवय म्हणजे नकाशा उघडण्याआधी ते खांबाखाली कोण बसतं ते बघायचे. चपला शिवणारा, फुलांच्या पुड्यांवाली, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया. "खांब पालिकेचा, सावली लोकांची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सावलीतल्या माणसाचं नाव विचारून घ्यायचे, घरचं कोण कुठे आहे ते विचारायचे, मग कटिंग चहा पाजायचे. चहाचे पैसे मला कधी देऊ दिले नाहीत. कंत्राटदाराच्या चहाने तोंड बांधलं जातं म्हणायचे.

मग त्यांच्या स्वतःच्याच गल्लीची फाइल आली. नाहूरच्या बाजूला, चारी अंगांनी नवे टॉवर उठलेले आणि मध्ये तीन-चार जुन्या इमारती. तिथे रेंज म्हणजे नावाला. घरात फोन लागायचा नाही, जिन्यात लागायचा नाही. लागायचा तो फक्त कोपऱ्यावरच्या खांबाखाली, आणि नेमक्या त्या जागी हिरामावशी मासे विकायला बसायची. खाडीकडच्या जुन्या कोळीवाड्यातली. नवरा अजून होडी घेऊन खाडीत जातो. निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी, जे मिळेल ते संध्याकाळी मावशीच्या पाटीत.

साहेबांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. त्यांचे पाय गेले होते. मुलगी कॅनडात. रोज संध्याकाळी साहेब आणि शेजारचे गृहस्थ मिळून बाईंना खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायचे, मुलीशी बोलायला. मावशी त्यांना जिन्यात बघितलं की आपली पाटी सरकवायची, बादलीभर पाणी ओतून जागा खराट्याने घासायची, वर कोरडं पोतं अंथरायची आणि ओरडायची, "या बाई, आलं तुमचं हापिस." बाई अर्धा तास बोलायच्या. तेवढा वेळ मावशीचं गिऱ्हाईक ताटकळायचं. बाई मला एकदा हसत म्हणाल्या, "हल्ली मुलीचा आवाज आला ना, की मला आधी कोळंबीचा वास येतो."

आता या खांबावर अँटेना बसला, की बाईंना बिछान्यावरून बोलता येणार होतं. साहेबांच्या घरात त्याहून मोठी गरज नव्हती. बाईंना जिना उतरवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं, हे अख्ख्या गल्लीला दिसत होतं. अडचण एकच. आमच्या नकाशात अँटेनाला वीज देणारी यंत्रांची पेटी खांबाच्या पायाशी, फुटपाथवर होती. कपाटाएवढी, बरोबर मावशीच्या जागेवर. नियमात लिहिलं होतं की पेटी शक्यतो फुटपाथवर नसावी. आमचा मॅनेजर त्या 'शक्यतो'वरच संसार चालवायचा. पेटी वर चढवायची तर वजन पेलणारा नवा खांब लागतो, वेळ जातो.

साहेबांनी नोटीस वाचली. नेहमीसारखी, कर्णा करून, पेटी कुठे येणार तेसुद्धा स्पष्ट सांगून. "कोणाची हरकत?" सगळ्या खिडक्या गप्प. साहेबांच्या घरासाठी म्हणून गप्प, हे उघड होतं. साहेबांनी मावशीकडे पाहिलं. ती मान खाली घालून कोळंबी सोलत होती. "माजी नाय बा हरकत," ती म्हणाली. "बाईला घरात बोलूं दे. मी बसंन पलीकडं, गटारावर."

साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले, तिथून खांबाकडे तोंड केलं आणि हात वर केला. "माझी आहे," म्हणाले. ऑफिसातल्या त्या बारीक आवाजात. मग परत आले, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि मला म्हणाले, "लिहून घे. रहिवासी, दुसरा मजला. पेटीमुळे विक्रेतीची बसायची जागा जाते, पेटी वर बसवावी. आणि आता ही फाइल माझ्याकडे राहणार नाही. हरकत घेणाऱ्याने निकाल द्यायचा नसतो."

मी भडकले. तिथेच, सगळ्यांदेखत. "साहेब, बाईंचं काय? वरच्या साहेबांकडे फाइल गेली की महिने जातील." ते म्हणाले, "वर जाऊन तिलाच विचार." मी गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "प्रज्ञा," त्या म्हणाल्या, "रोज ती मला तिच्या जागेवर बसवते. तीच जागा कायमची घेऊन मी घरात गप्पा मारत बसू होय? बरं दिसेल का गं ते?" मी खाली उतरले आणि मावशीकडून चिंबोऱ्या घेतल्या.

फाइल वर गेली आणि व्हायचं तेच झालं. निकाल लांबला. त्यात बाईंना हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, लागली वाट, आता ही माय आणि ती लेक एकमेकींना ऐकणार कशा. पण मावशीने साहेबांचा फोन हातात घेतला. खांबाखाली उभं राहून ती मुलीचं ऐकायची आणि मासे विकायच्या आवाजात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे तोंड करून सांगायची, "बाई, पोरगी बोलते बर्फ पडलाय. नातीचा दात पडलाय, पुढचा. जावयाला खोकला हाय." वरून बाई सांगायच्या, साहेब खिडकीत येऊन कर्ण्याने ओरडायचे, "आलं घालून काढा दे म्हणावं." मावशी फोनमध्ये ओरडायची, "काढा दे, काढा!" तिला कोण समजावणार की फोनमध्ये ओरडावं लागत नाही. अख्ख्या गल्लीला त्या नातीचा कुठला दात हलतोय ते ठाऊक होतं. जावयाचा खोकला थांबला तेव्हा वाण्याने साहेबांना चॉकलेट दिलं.

मी तेव्हा कामाचं निमित्त काढून त्या गल्लीत जायचे. आज विचार केला तर वाटतं, नोकरीत मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही.

शेवटी निकाल आला. पेटी वर. मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण नवा खांब उभा राहिला, अँटेना बसला, मावशीची जागा जशीच्या तशी राहिली. पहिल्या संध्याकाळी बाई बिछान्यावरून मुलीशी तासभर बोलल्या. स्वतःच्या कानाने, स्वतःच्या तोंडाने. खाली मावशी दोनदा खिडकीकडे बघून मला म्हणाली, "काय बोलते गं पोरगी? दात आला का नवा?" मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. रेंज आली आणि गल्लीतली बातमी गेली, आणि ती रेंज आणण्यात माझाही हात होता. साहेबांना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "असू दे. मायलेकींना थोडं खासगी बोलू दे की आता."

तेवढे दिवस बाईंना मिळाले. फार नाही मिळाले, पण मिळाले. त्या गेल्या, साहेब निवृत्त झाले. मुलीने खूप बोलावलं, ते गेले नाहीत. घरात पूर्ण रेंज असताना संध्याकाळी खाली उतरायचे आणि खांबाखाली, मावशीच्या पाटीशेजारी स्टूल टाकून मुलीशी बोलायचे. मावशी मधूनच फोनमध्ये तोंड घालून विचारायची, "काय गं, जावय बरा हाय ना?" मी नोटीस लावायला कुठेही गेले तरी वाचून दाखवते, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी थांबतेस ना? लोकांना बोलायला वेळ लागतो. लगेच निघू नकोस."

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. मला मेसेज आला. गल्लीतल्या प्रत्येकाला आला, सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी. हल्ली बातमी अशीच येते, कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. मी पोचले तेव्हा लोक खाली जमून आपापल्या फोनकडे बघत उभे होते.

हिरामावशीने त्या दिवशी पाटी आणली नव्हती. तिने बादलीभर पाणी ओतलं, खराट्याने जागा घासली, कोरडं पोतं अंथरलं. मग खांबाखाली उभी राहिली आणि तोंडाशी हाताचा कर्णा केला. "ऐका हो ऐका," तिने हाक दिली. "आपले साहेब गेले." एवढंच. सगळ्यांना ठाऊक असलेलं. पण खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर आली. ती थांबली, साहेब थांबायचे तशी. मग म्हणाली, "कोनाची हरकत?"

कोणी बोललं नाही. लोकांना बोलायला वेळ लागतो. मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि हात वर केला.

"माझी आहे," म्हटलं.

वरून कोणीतरी म्हणालं, "माझीपण." मग वाणी म्हणाला. मग सुनेच्या माहेराची हरकत घेणारे ते आजोबा, नातवाचा हात धरून खास आले होते, ते म्हणाले.

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "लिवून घे गं बाय," ती म्हणाली. "साहेब असते तर लिवून घेतली असती."

म्हणून हे लिहून घेतलंय.