गुळाच्या बिअरला अंड्याचा वास

टाकीत डोकं घालून मी वास घेत होतो आणि बाहेरून सत्यजितदादा विचारत होते, "आला का? आला का?"

आला होता. सडक्या अंड्याचा. उकडलेलं अंडं डब्यात विसरावं आणि गावाहून परतल्यावर झाकण उघडावं, तसा. मी डोकं बाहेर काढलं आणि होकारार्थी मान हलवली. खोटं बोलून काय उपयोग, नाक तर त्यांनाही होतं.

"मग? टाकी तुमची हाय का न्हाय?"

"आमचीच आहे, दादा."

"आमची न्हवं. तुमची. जोड कुणी मारल्यात?"

"मीच."

मी स्टेनलेस स्टीलचा वेल्डर आहे. पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दूध डेअरीच्या आणि लहान ब्रुअरीच्या टाक्या बनवतो. लहान ब्रुअरी म्हणजे हॉटेलच्याच आवारात बिअर बनवायची आणि तिथेच ग्लासात ओतून विकायची. बाटली नाही, ट्रक नाही. जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात. तो माल्ट गरम पाण्यात घालून गोड पाणी काढतात, उकळतात, गार करतात आणि माझ्या टाकीत सोडून वरून यीस्ट घालतात. पाव फुगवतं तसलंच यीस्ट. ते गोड पाण्यावर जेवतं आणि बिअर तयार होते. ह्या टाकीला फर्मेंटर म्हणतात. आतून ती आरशासारखी गुळगुळीत लागते. वेल्डमध्ये केसाएवढी फट राहिली तरी तिथे जुनं काहीतरी अडकतं, कुजतं आणि पुढचा सगळा माल नासवतं.

सत्यजितदादांचं हॉटेल कोल्हापूरच्या राजारामपुरीत. वरच्या मजल्यावर आधीच्या दोन टाक्या होत्या, त्यात साधी बिअर छान व्हायची. तिसरी टाकी त्यांनी आमच्याकडून खास गुळाच्या बिअरसाठी करून घेतली. कोल्हापुरात बसून गुळाची बिअर नाही करायची तर कुठे करायची, असं त्यांचं म्हणणं. पहिला घाणा गटारात गेला. दुसराही गेला. मग त्यांनी आमच्या वर्कशॉपच्या मालकांना, म्हणजे सरांना, फोन लावला आणि सरांनी मला एसटीत बसवलं.

बसवताना सर एवढंच म्हणाले, "वेल्ड खराब असला तर टाकी परत आण. आणि मग तुला पुन्हा हेल्परमध्येच टाकावं लागेल. मला दुसरा इलाज नाही."

त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. माझं गाव भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पुढे. नववीत शाळा सोडून मी निघालो तेव्हा जिथे जाईन तिथे आयटीआयचं सर्टिफिकेट मागायचे. सरांनी मागितलं नाही. स्टीलचे दोन तुकडे पुढे ठेवले आणि म्हणाले, जोडून दाखव. आज मी जो काही आहे तो त्या दोन तुकड्यांमुळे. त्या माणसाची टाकी परत न्यायची ह्या विचाराने मला जेवण जाईना.

आधी माझं काम केलं. हातात बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन टाकीत उतरलो, प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. मग डाय टेस्ट केली. जोडावर लाल रंग लावायचा, थोडं थांबून पुसायचा आणि वर पांढरा स्प्रे मारायचा. फट असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन बाहेर येतो. सगळे जोड पांढरेच राहिले. एकदा केली, विश्वास बसला नाही म्हणून परत केली.

"दादा, वेल्ड चांगला आहे."

"पेपर तुमीच लिवणार, तुमीच तपासणार!" ते हसले, पण पटलं नव्हतं. "वेल्ड चांगला तर वास कशाचा?"

"एकदा हा गुळाचा घाणा जुन्या टाकीत लावून बघू या का?"

"म्हंजे ती चांगली टाकीबी नासवू? लई शाणं हायसा, पावणं."

त्यांचंही खरं होतं. मी लॉजवर येऊन पडलो.

आता माझी एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. कामासाठी जिथे जाईन तिथे मी आसपासची लहान ब्रुअरी शोधतो. नावाजलेली नाही, तिचा बोर्ड तर सगळ्यांनाच दिसतो. ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशी. सांगलीकडे द्राक्षाच्या शेडमागे एक सापडली होती, गोव्यात काजूच्या बागेत एक. पिण्याची फार हौस आहे असं नाही, एक ग्लास मला पुरतो. पण दुसऱ्याची टाकी, दुसऱ्याचा पाइप, कुणी व्हॉल्व कुठे बसवलाय, हे बघायला मला फार आवडतं. शाळेत जे राहिलं ते असं फिरून शिकतो म्हणा.

पुढच्या दाराने मात्र मी कधी जात नाही. तिथला माणूस आधी बूट बघतो, मग मेनू हातात देतो, आणि मेनूतलं मला निम्मं वाचता येत नाही. मागच्या दाराने जातो. ब्रुअरी छोटी असो की मोठी, माल्टचा ओला चोथा रोज बाहेर निघतो, आणि तो ठेवून भागत नाही कारण लगेच आंबतो. म्हशीला तो फार आवडतो. तेव्हा नव्या गावात बिअर कुठे बनते हे बारवाल्याला विचारायचं नाही. म्हशीवाल्याला विचारायचं.

आणि म्हशीवाला शोधायला कोल्हापुरासारखं गाव नाही. सकाळी दुधाच्या कट्ट्यावर गेलो तर रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढतायत आणि लोक फेसासकट दूध पितायत. मीही एक ग्लास घेतला. मिशीला फेस लागला तशी धार काढणारे बंडूतात्या म्हणाले, "कुठलं पावणं?"

"भंडाऱ्याचा."

"लई लांबनं आलाय की. दूध प्यायला?"

"नाही तात्या, एक विचारायचं होतं. तुमच्या म्हशींना बिअरचा चोथा घालता का?"

तात्यांनी धार थांबवली. शेजारच्याला हाक मारली, "आयला, ऐकलास काय? पावणं म्हशीची चौकशी कराय आल्यात. सोयरीक हाय काय?" सगळा कट्टा हसला. मलाही हसू आलं. कोल्हापुरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"घालतो की. राजारामपुरीतनं येतोय एक. आन् उचगावच्या बाजूनं एक."

राजारामपुरीतला आमचाच. "उचगावला कोण करतं?"

"बाई हाय एक. बोर्ड न्हाय काय न्हाय. हॉटेलाच्या मागं पत्र्याचं शेड हाय. पर चोथा म्हंजे एक नंबर! गुळाचा वास येतोय त्यांच्या शेडात. आमची ही गौरी बादली बघितली की दावं तोडती."

गुळाचा वास म्हटल्यावर मी ग्लास खाली ठेवला.

उचगावचं ते शेड मागच्या बाजूने सापडलं. दाराशी चोथ्याचे पिंप, आत दोनच टाक्या, त्याही डेअरीच्या जुन्या, बदलून घेतलेल्या. परवाना मात्र काचेच्या फ्रेममध्ये देवाच्या फोटोशेजारी लावलेला. शुभांगीताई पायात गमबूट घालून फरशी धूत होत्या. आधी दुधाच्या लॅबमध्ये नोकरी, मग भावाच्या हॉटेलमागे हे सुरू केलं. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगून टाकलं. लपवायचं सुचलंच नाही.

"आधी पिऊन तर बघा," त्या म्हणाल्या.

रंगाने काळपट लाल. पहिल्या घोटाला कडू, मग मागून काकवीसारखी चव, जिभेच्या कडेला रेंगाळणारी. मी त्यांच्या टाकीचे जोड बघितले. सांगायला नको, पण माझ्या जोडांपेक्षा वाईट होते. खडबडीत, एका जागी तर दोनदा मारलेले. तरी बिअरला वास नव्हता. माझा घोर अर्धा तिथेच उतरला आणि बाकीच्या अर्ध्याचं कुतूहल झालं. मग त्या टाकीत वास येतो कुठून?

"त्यांचा गूळ कसला आहे?" ताईंनी विचारलं.

"एकदम भारी, ताई. पिवळाधमक. सोन्यासारखा."

ताईंनी झाडू भिंतीला टेकवला. "हां. मग बरोबर. मीपण पहिल्यांदा तसलाच घातला होता."

त्यांनी समजावलं ते असं. उसाच्या रसाचा गूळ मुळात तांबूस-काळपट होतो. त्याला पिवळा करायला काही गुऱ्हाळांत उकळत्या रसात एक पांढरी पावडर टाकतात. तिला सगळे हायड्रॉस म्हणतात. तिच्यात गंधक असतं. यीस्टला ते मिळालं की यीस्ट बिथरतं आणि अंड्याचा वास सोडतं.

"पण मी काही छातीठोक सांगत नाही हं," त्या म्हणाल्या. "तुमच्या टाकीचंही असू शकेल. करून बघा. टाकी वापरूच नका."

ही अक्कल मला आली नव्हती. टाकीवर आळ आहे, तर टाकी बाजूलाच ठेवायची.

त्यांच्याकडून काळ्या गुळाची एक ढेप मागून घेतली. हॉटेलात येऊन सत्यजितदादांकडे बिअर बनवणाऱ्या ब्रुअरकडून उकळलेलं गोड पाणी घेतलं आणि काचेच्या दोन बरण्या भरल्या. एकीत दादांचा पिवळा गूळ, दुसरीत काळा. यीस्ट दोन्हीत सारखंच. दादा येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, "काय, लोणचं मुरलं का?" मी लॉजवर जायचो, झोप यायची नाही, परत येऊन बरण्यांजवळ बसायचो. दोन्हींत बुडबुडे येत होते. बुडबुड्यांवरून काही कळत नव्हतं. सरांचा फोन यायचा आणि मी सांगायचो, बघतोय सर. ते म्हणायचे, किती बघशील?

यीस्ट शांत झालं तेव्हा दादांना बोलावलं. काळ्याची बरणी आधी उघडली. त्यांनी नाक घातलं, "चांगला हाय." मग पिवळ्याची. झाकण निघताच ते दोन पावलं मागे सरले.

"आयला! अंडं!"

"ह्यात टाकी नाही, दादा," मी म्हणालो. "वेल्डपण नाही. नुसती काच आहे."

मला वाटलं, आता खूश होतील. ते कपाळाला हात लावून खुर्चीवर बसले.

"पावणं, गूळ मामाचा हाय."

"कुणाच्या?"

"माझ्या सख्ख्या मामाच्या. कोडोलीला गुऱ्हाळ हाय त्यांचं. प्रदर्शनात बक्षीस मिळालेला गूळ. बिअर काढतोय म्हटल्यावर मामानं सोता निवडून ढेपा पाठवल्यात. त्यास्नी काय सांगू? तुमच्या गुळाला घाण वास येतोय म्हणून? आई घरात घ्यायची न्हाय मला."

"मग दुसरीकडून घेऊ या ना गूळ."

"मामाला कळणार न्हाय व्हय? आक्ख्या कोडोलीला कळंल." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ती नजर आवडली नाही. "तुमी सांगा."

"मी?"

"तुमी परगावचं. उद्या गाडीत बसून जाणार. मला हितंच ऱ्हायचंय."

नाही म्हणायचं होतं. पण टाकी ठेवायची की परत पाठवायची, हे अजून त्यांनी सांगितलं नव्हतं. गेलो. गाडीत सगळा रस्ताभर मनात वाक्य जुळवत होतो.

मामा ओसरीवर बसले होते. पांढरी मिशी, आवाज असा की गोठ्यातल्या बैलानेही मान वर करावी. "कोण म्हणायचं हे?"

"टाकीवालं पावणं," दादा म्हणाले आणि माझ्या मागे सरकले. एवढा धिप्पाड माणूस माझ्यामागे काय लपणार!

मी सुरुवात केली. "मामा, गूळ तुमचा फार चांगला आहे. रंग तर विचारायलाच नको. पण ते यीस्ट असतं ना, त्याला... म्हणजे त्याला जरा पावडर..."

मामा माझ्याकडे रोखून बघत होते.

"पिवळा गूळ घातलास व्हय रं बिअरीत?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"तुमीच दिला न्हवं!"

"अगं ए," मामा आत ओरडले, "पावण्यास्नी गूळ-पाणी आण. आपल्या घरचा आण."

मामी वाटीत गूळ घेऊन आल्या. काळाकुट्ट.

"ह्यो आमी खातो," मामा म्हणाले. "त्यो पिवळा बाजाराला. काळी ढेप नेली तर व्यापारी वळूनबी बगत न्हाय. पावडर टाकली की बोली चढती. पिवळा गूळ नजरंला, खायला ह्यो."

"मग मला पिवळा कशापायी पाठवला?" दादांचा आवाज चढला. "दोन घाणं गटारात गेलं माझं! ह्या पावण्याला टाकीत उतरवला मी!"

"आरं, तू भाचा! भाच्याला काळा गूळ पाठवू? लोक काय म्हनतील, मामानं राह्यलेला माल दिला?"

मामी हसायला लागल्या, मग मामाही. मी तो काळा गूळ खाल्ला आणि वर गार पाणी प्यालो. इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

मामांनी घरच्या वाटणीच्या ढेपा गाडीत टाकून दिल्या. पुढचा घाणा माझ्याच टाकीत लावला आणि तो होईपर्यंत दादांनी मला सोडलं नाही. बिअर उतरली तेव्हा पहिला ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला. काकवीची चव, अंड्याचं नाव नाही. मी कोपऱ्यात जाऊन सरांना फोन केला.

"टाकी परत आणतोयस?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. दादा अजून एक टाकी घेतायत."

"मग वास कशाचा होता?"

"गूळ फार देखणा होता सर."

ते म्हणाले, "जेवलास का?" सरांची शाबासकी अशीच असते.

अजूनही बिघाडाची तक्रार आली की मी आधी वेल्डच तपासतो, ती भीती काही जायची नाही. पण त्याच्या जोडीला आता एक प्रश्न विचारतो. टाकीत जे घालता, ते तुम्ही घरी खाता का? बहुतेक ठिकाणी उत्तर यायला जरा वेळ लागतो.