कडू कांद्याचा दोरा

साकोलीच्या एका शाळेत, सतरंजीवर, आम्ही रानभाज्यांच्या माहितीचं जाळं विणत होतो. ते जायचं होतं संगणकात. पण रान जाणणाऱ्या बायकांना संगणक येत नव्हता आणि मला रानातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून प्रत्येक भाजी, प्रत्येक कंद खराखुरा खाली मांडायचा, ज्याचं ज्याच्याशी नातं त्यांच्यात दोरा बांधायचा आणि ते दोरे बघून मी नोंदी करायच्या, असं ठरलं.

पाच वाजता ही माहिती सर्वांना खुली होणार होती. तालुक्यातल्या वसतिगृहांचे स्वयंपाकी रात्रीच्या जेवणासाठी तिचीच वाट बघत होते. तीन वाजले तरी अर्धी सतरंजी बिनदोऱ्याची! मी घायकुतीला आले आणि नको ते शहाणपण केलं. सगळे कंद 'कंद' लिहिलेल्या एकाच चिठ्ठीला बांधले आणि 'उकडून खातात' हा दोरा त्या चिठ्ठीलाच लावला. ती चिठ्ठी म्हणजे आई, तिला बांधलेले कंद तिची लेकरं; आईला जे लावलं ते संगणक सगळ्या लेकरांना आपोआप लावतो. काम झटक्यात आटपलं.

तेवढ्यात एक म्हातारी मावशी कडू कांदा नावाच्या रानकंदाचा दोरा सोडायला लागली. मी खेकसले, "मावशी, हात नका लावू! सगळं विस्कटेल." तिनं हात मागे घेतला आणि भिंतीशी जाऊन बसली.

साडेचारला तिच्या गावची बस लागली. बाकी बायका गेल्या. ती दारातच उभी.

"बस सुटेल ना," पडद्यावरची नजर न काढता मी म्हटलं.

"सुटू दे. हा कांदा नुसता उकडून खाल्ला त लेकरं ओकून ओकून मरतीन. राख लावून उकडा लागते, मंग रातभर वाहत्या पान्यात ठेवा लागते."

मी पडद्यावरून मान वर केली. तरी तोंड काही गप्प बसेना. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमीच त म्हटलं, हात नोका लावू."

दोऱ्याची गाठ सुटेना. मी ती दातांनी तोडली. मावशीनं शाळेच्या चुलीतली चिमूटभर राख आणि पेलाभर पाणी कांद्याशेजारी ठेवलं, नवे दोरे बांधले. मी ते संगणकात भरले. पाचला तीन मिनिटं कमी होती.

मला स्वतःची लाज वाटत होती, म्हणूनच बहुधा म्हणाले, "उद्या सकाळीसुद्धा दुरुस्त करता आलं असतं, मावशी. उगाच बस सोडलीत."

"माही नातीन वसतिगृहातच रायते, बाई," ती म्हणाली. "आज राती जेवन तिचं."