पतधोरणावरची फुली

गव्हर्नरसाहेबांनी बोलावलंय, असं शिपायाने येऊन सांगितलं आणि टायपिस्ट बाई खुर्चीवरून उठल्या. मध्यवर्ती बँकेत बावीस वर्षं झाली होती, निवृत्तीला उरले होते चार महिने, आणि साहेबांच्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. कारण मात्र पक्कं ठाऊक होतं. फुली पुसायची राहिली होती.

ही सवय जुनी. बँकेत येण्याआधी बारा वर्षं बाई एका कादंबरीकाराकडे टायपिंग करत. ज्याच्या कादंबरीत न्यायाधीशाची बायको घर सोडून जाते आणि पुढे सुखात राहते, तोच तो. घर सोडलं हे लोकांनी एक वेळ पोटात घातलं असतं, पण सुखात राहते म्हणजे काय! भर चौकात पुस्तकं जाळली, त्याच्या दाराला डांबर फासलं. माणूसही काही साधा नव्हता. तिरसट, शिवराळ, सख्ख्या भावाची अब्रू त्याने दोन प्रकरणांत वेशीवर टांगली होती. पण मॅट्रिकला गचकलेल्या या पोरीला त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "माझं जे वाक्य तुला खोटं वाटेल, त्याच्यापुढे पेन्सिलने फुली मार. घाबरायचं नाही." ती मारायची. तो भडकायचा, कागद भिरकावायचा आणि दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून आणायचा. आपल्या मतालाही काही किंमत आहे, हे बाईंना सर्वांत आधी त्या तापट माणसाने दाखवलं.

बँकेत अर्ज करताना मात्र त्यांनी ही नोकरी लिहिलीच नाही. त्याचं नाव घेणाऱ्याला तेव्हा कोणी दारात उभं केलं नसतं. तो गेला त्या दिवशीही त्या खाली मान घालून टाइप करत बसल्या. फुली तेवढी सुटली नाही. प्रत्येक मसुद्यावर त्या हलकीच मारायच्या आणि कागद वर जाण्याआधी खोडरबराने पुसायच्या.

आज पतधोरण जाहीर व्हायचं होतं. चार महिने चलन घसरत चाललं होतं, व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढणार होते, आणि निवेदनाच्या शेवटी लिहिलं होतं, 'ही घसरण तात्पुरती असून नागरिकांनी चिंता करण्याचे कारण नाही.' बाईंच्या नवऱ्याच्या डोळ्यांत घालायचे थेंब परदेशातून येत. सकाळीच आणलेल्या बाटलीवर किमतीच्या तीन चिठ्ठ्या एकीवर एक डकवलेल्या होत्या. त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. तेवढ्यात उपगव्हर्नरांनी घाई केली आणि कागद फुलीसकट वर गेला.

"ही कोणी केली?" साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"मी, साहेब."

"का?"

चुकून पेन्सिल लागली, एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मला ते वाक्य खरं वाटलं नाही," बाई म्हणाल्या, आणि बाटलीचं सगळं सांगून टाकलं.

"टायपिस्टने वाक्यं तपासावीत, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

बाईंनी कादंबरीकाराचं नाव घेतलं. स्पष्ट, आडनावासकट. या इमारतीत बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "त्या माणसाचं लिखाण मला मुळीच आवडत नाही," ते म्हणाले. मग कागद जवळ ओढून त्यांनी ते वाक्य खोडलं. "पुन्हा टाइप करून आणा. पंधरा मिनिटं आहेत."

एक वाक्य गेल्याने चलन काही सावरणार नव्हतं, हे बाईंनाही कळत होतं. तरी जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

शेजारच्या टेबलावरचा कारकून घाबरून वाकला. "बाई, काय झालं? नोकरी राहिली ना?"

"राहिली रे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी कोणाकडे शिकले, ते आज सांगून आले."

त्यांनी त्यालाही नाव सांगितलं. तो बघतच राहिला. "ते? त्यांना जाऊन तर किती वर्षं झाली!"

"अकरा," बाई म्हणाल्या. "मला माणसात आणलं त्यांनी, आणि मी त्यांच्या मयताला गेले नव्हते. आज जाऊन आले."